बोंड्याच्या पोटातली घुंगरमाळ

कुठून कुठे बदली झाली, कोणत्या साली बढती मिळाली, हे लिहायला बसलो तर वाचक फराळाच्या ताटासकट उठून दुसऱ्या खोलीत जातील. म्हणून ते लिहीत नाही. मी ढोरांचा डॉक्टर होतो, उभी नोकरी बैलांच्या तोंडात हात घालण्यात गेली, एवढं सांगितलं की माझा परिचय संपला.

आमचा रोगी बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रोग्याचा मालक फार बोलतो, हे कुणाला ठाऊक नसतं. एका बाईनं कोंबडी आणली आणि अर्धा तास सुनेबद्दल सांगितलं. सून घरात आली त्या दिवसापासून कोंबडीनं अंडी देणं सोडलं, तेव्हा औषध कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा, असं तिचं म्हणणं. एका शेटजींची घोडी लंगडत होती. मी खूर उचलला तर ते रागावले. ‘आधी नाडी पाहा,’ म्हणाले. मी घोडीच्या जबड्याखाली बोटं ठेवून, डोळे मिटून बराच वेळ उभा राहिलो. शेटजींचं समाधान झाल्यावर खुरातला खिळा काढला. या धंद्यात थोडं नाटकही यावं लागतं.

पण नोकरीतला सगळ्यात मोठा दिवस कोणता, असं विचारलं तर मला घोडी आठवत नाही की बैल आठवत नाही. आठवतं ते एक कुत्र्याचं पिल्लू. आजही त्या दिवसाचं सांगायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, ‘काय झालं?’

मी तेव्हा वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी होतो. नवीनच लागलेलो, अंगात जोर, डोक्यात पुस्तकं. दवाखाना बाजाराला लागून, पुढे मोठं आवार, आवारात विहीर आणि जनावरांना पाणी पाजायचा लांब हौद. पोळ्याच्या सकाळी अर्धी सिंदी आपले बैल घेऊन त्या हौदावर धुवायला यायची. त्या दिवशी दवाखान्याला काम नसे. मी ओसरीत खुर्ची टाकून नुसती मजा बघायचो.

त्या वर्षी खुर्ची टाकली आणि समोरून सगुणाबाई आली. पदरात काहीतरी गुंडाळलेलं, चाल पळाल्यासारखी. तिला मी ओळखत होतो. पन्नाशीची, विधवा, अंगानं काटक. नाल्याकाठी मक्त्यानं घेतलेल्या तुकड्यावर भाजीपाला लावायची, शिवाय बापूराव पाटलांच्या गोठ्यात शेणपाण्याला जायची.

“डाक्टरसायब, बोंड्याले पाहा. रातभर ओकून राह्यला. पानीबी टिकत नाई.”

पदरात पांढरं पिल्लू होतं. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं दिसतं म्हणून नाव बोंड्या. आता मात्र त्याचे डोळे आत गेले होते, नाक कोरडं पडलं होतं, आणि पोटाला हात लावला की ते कण्हत होतं. मी तोंड उघडलं, जीभ वर केली आणि थांबलो. जिभेच्या मुळाशी एक दोरा अडकला होता. एक टोक तिथं, आणि बाकीचा दोरा सरळ घशात उतरलेला.

“यानं काय गिळलं?”

हौदावर बैल धूत असलेल्या बापूराव पाटलांकडे तिनं पाहिलं. पाटीलच पुढे आले.

झालं होतं असं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तेवढाच आराम. शृंगार चढवायचा तो दुसऱ्या दिवशी, आंघोळीनंतर. पण पाटलांनी त्या वर्षी नागपूरहून बारीक पितळी घुंगरं आणून, हौसेनं दोऱ्यात ओवून माळ केली होती, आणि ती बैलाच्या गळ्यात कशी दिसते हे पाहायला त्यांना रात्रभर दम निघेना. खांदे शेकता शेकताच त्यांनी माळ घातली. ती लोण्यानं माखली. मग काढून ठेवली गोठ्यातल्या खुंटीवर, लोंबती. शेणपाण्याला आलेल्या सगुणाबाईमागून बोंड्या गोठ्यात शिरला, आणि त्याला आयुष्यात प्रथमच लोणी मिळालं.

“मले वाटलं माळ चोरीले गेली,” पाटील म्हणाले. “सकायी खुंटीखाली दोनचार घुंगरं भेटले.”

“मी दोरा ओढून पाह्यला थोडासा,” सगुणाबाई म्हणाली.

“बाई, आता हात लावू नका!” मी ओरडलोच. दोरा वर जिभेला अडकलेला, खाली घुंगरं आतड्यात. आतडं पुढे सरकू पाहतं आणि दोऱ्यावरच गोळा होत जातं, चोळण्याच्या नाडीवर कापड गोळा होतं तसं. ओढलं तर दोरा करवतीसारखा आतडं कापतो. यावर एकच इलाज, पोट उघडायचं, आणि तेही त्याच दिवशी. दुसरा दिवस बोंड्याला दिसला नसता.

हे मी तिला सरळ सांगितलं. ती खाली बसली. “गेल्या महिन्यात रानडुकरानं याची माय फाडली,” ती म्हणाली. “नाल्यावर मी एकली राह्यतो, सायब. हा भुकते तवा मले डोया लागते. वाचवा याले.”

आता अडचण सांगतो. आमचा दवाखाना नांगराच्या जनावरांसाठी. बैलाला औषध फुकट. कुत्रा आला तर तपासायचं, पण औषध मालकानं आणायचं, असा आमच्याकडे नियम. आणि नियम बाजूला ठेवला तरी कपाटात होतं काय? टाके घालायची तात होती ती बैलाचं कातडं शिवायची, जाड. त्या पिल्लाच्या आतड्याला ती म्हणजे दोरखंडच. बेशुद्ध करायला ईथर हवं, बारीक तात हवी, पेनिसिलिन हवं. हे सगळं वर्ध्याच्या औषधवाल्याकडे मिळायचं, आणि पेनिसिलिन तेव्हा सोन्याच्या भावात होतं. दुपारच्या पॅसेंजरनं माणूस गेला तर उलट्या गाडीनं दिवस मावळायच्या आत परत येणार. पैसे मात्र त्याच्या हातात आत्ता हवेत.

“मी देतो,” मी म्हणालो. खिशात पुरेसे नव्हते, पण तोंडातून गेलं.

“नाई,” ती म्हणाली.

“माझी माळ होती, म्या देतो,” पाटील म्हणाले.

“तुमची माळ माझ्या कुत्र्यानं खाल्ली. तुमीच मले भरपाई मागाले पायजे, तुमी काऊन देता?”

माझा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, गुलाबराव मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “थांबा. इतके लोक आहेत. टोपी फिरवतो, एका चकरेत होते.”

सगुणाबाई ताडकन उठली. बोंड्याला तिनं पदरात घेतलं. “टोपी घाल डोक्यावर, गुलाबभाऊ. सणावाराले दारोदार उभं राहून आमी मागत होतो. गेल्या वर्साले आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, तवापासून ते सोडलं. आता कुत्र्यासाठी पुन्हा हात पसरू? मरन आलं तं मरन.”

आणि ती चालायला लागली. खरोखर चालायला लागली! मला काय करावं कळेना. तिचा राग यावा की तिच्या पाया पडावं, दोन्ही एकदम वाटत होतं. बोंड्याचं डोकं तिच्या दंडावरून लोंबत होतं.

तिला अडवलं ते झिंगराजीनं. झिंगराजी बैलबाजारातला म्हातारा दलाल. खांद्यावर कायम मळका दुपट्टा, तोंडात पान. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल दुपट्ट्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो, घेणारा बोटं दाबून भाव सांगतो. मग दलाल तसाच विकणाऱ्याचा हात धरतो. सौदा शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. झिंगराजीनं हा धंदा इतकी वर्षं केला होता की घरी भाजीला मीठ किती हवं तेही तो बोटं दाबून सांगतो, असं लोक म्हणत.

“काय वो बाई,” तो म्हणाला, “भीक नाई मागत ना? नको मागू. विकाले काई आहे?”

ती थांबली. “कोहळे आहेत. उन्हायातले, छपराले टांगलेले.”

“मंग आन की! पोया आहे. घरोघरी कोहळ्याचे बोंडं तळून राह्यले. तू विकजो, लोक घेतील. याच्यात भीक कुठं आली?”

तिनं क्षणभर विचार केला आणि बोंड्याला माझ्या हातात दिलं. बापूरावांचा गडी छकडा घेऊन धावला. मी आत जाऊन दोऱ्याच्या टोकाला कुणी धक्का लावू नये म्हणून पिल्लाचं तोंड पट्टीनं सैल बांधलं, वासरांसाठी ठेवलेलं सलाईन त्याच्या कातडीखाली दिलं आणि बाहेर आलो तर हौदापाशी कोहळ्यांची, म्हणजे तुमच्याकडच्या लाल भोपळ्यांची, रास पडलेली, भोवती अर्धी शिंगं रंगवलेले बैल, आणि मधोमध झिंगराजीचा दुपट्टा.

पहिला सौदा बापूराव पाटलांचा. दुपट्ट्याखाली त्यांनी झिंगराजीचा हात धरला. झिंगराजीचे डोळे मोठे झाले. मग त्यानं सगुणाबाईचा हात धरला. तिनं हात झटकला.

“कोहळ्याचे इतके? मले लुबाडनारी समजता काय?”

“बाई, घेनारा देते तं तू काऊन आरडते?” झिंगराजी म्हणाला.

“बाजारात काय भाव आहे ते मले मालूम आहे. त्याच्यावर एक पैसा नाई.”

झिंगराजी पुन्हा पाटलांकडे. पाटलांनी भाव थोडा उतरवला. पुन्हा बाईकडे. तिनं आणखी खाली दाबला. घेणारा चढवतोय आणि विकणारी उतरवतेय! झिंगराजीला घाम फुटला. त्याच्या हयातीत असा सौदा झाला नव्हता. लोक हसून हसून लोळायची वेळ आली, एकाचा बैल हौदावरून निम्मा साबण अंगावर घेऊन पळाला तरी मालकाचं लक्ष नाही. सगळे कोहळे गेले, तिच्याच भावानं गेले.

आणि पैसे कमी पडले. चांगलेच कमी पडले. गुलाबरावानं माझ्याकडे पाहिलं, मी स्टेशनाकडे पाहिलं. सिग्नल अजून पडला नव्हता.

हसू एकदम थांबलं. आत ओसरीत बोंड्या ओकारी काढत होता, बाहेर काहीच येत नव्हतं. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

सगुणाबाई हौदाच्या कडेवर हात टेकून उभी होती. मग ती मोठ्यानं म्हणाली, “झिंगराजी, निंदन इकतो म्या.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. त्या वर्षी आठवडाभर उघाड नव्हती. कपाशीत गवत गुडघ्याला लागलं होतं. पोळा झाला की निंदणाला, म्हणजे गवत काढायला, बायका मिळवण्यासाठी शेतकरी एकमेकांच्या दारावरून बायका पळवायचे. आणि सगुणाबाईसारखी निंदणारी पंचक्रोशीत नव्हती. तिच्यामागे वस्तीतल्या बायकांचा जथा चालायचा. ज्याच्या वावरात सगुणाबाई पहिली उतरली, त्याची कपाशी वाचली.

“पोयाच्या तिसऱ्या दिवशीपासून माह्या बायका कोनाच्या वावरात पहिल्या उतरतील, तो सौदा कर,” ती म्हणाली. “मजुरी मजुरीच्या जागी, ती ज्याची त्याले. पहिल्या नंबराचे पैसे आत्ता, माह्या हातात.”

आवारात जी झुंबड उडाली! मघाशी दया दाखवत होते तेच लोक आता खरेखुरे गिऱ्हाईक झाले. झिंगराजी दुपट्टा सावरत या हाताकडून त्या हाताकडे उड्या मारत होता. बापूराव पाटलांनी भाव चढवला. स्टेशनाकडच्या वावरवाल्यानं त्यावर चढवला. आता सगुणाबाई हात झटकत नव्हती. आता ती दर वेळी मान हलवत होती. नाही. अजून. नाही. अजून! पाटलांचा चेहरा लाल झाला.

“बाई, माह्याच गोठ्यात काम करते अन् मलेच कापते?”

“तुमचं गवतबी कापाचं आहे ना, पाटील,” ती म्हणाली.

मी तिथं उभा राहून टाळ्या वाजवत होतो. सरकारी माणसानं सरकारी आवारात असं वागू नये, पण मी वाजवत होतो. सिग्नल पडला. कुणीतरी ओरडलं, “गाडी!” सगुणाबाईनं मान खाली केली आणि झिंगराजीनं दुपट्टा हवेत उडवला. सौदा पाटलांना. पैसे तिच्या हातात पडले, कोहळ्याच्या पैशांत मिसळले, तिनं ते गुलाबरावाच्या हातात दिले, मी औषधाची नावं त्याच्या कानात ओरडून सांगितली आणि गुलाबराव धोतर वर खोचून धावला. त्याच्यामागे निम्मं गाव धावलं. गाडी सुटताना शेवटच्या डब्यात त्याला लोकांनी ढकलून चढवलं, हे मला नंतर कळलं.

दुपारभर मी उपकरणं उकळत होतो. मनातली भीती सांगून टाकतो. मी रेड्याचं पोट फाडलं होतं, बैलाचं शिंग कापलं होतं, पण एवढ्याशा जिवाचं आतडं कधी उघडलं नव्हतं. शिकताना एकदा पाहिलं होतं, तेही मागच्या बाकावरून. सगुणाबाई ओसरीत बोंड्याजवळ बसून होती. तिनं मला एकदाही विचारलं नाही, जमेल का म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान खोटं बोलून मलाच धीर आला असता.

गुलाबराव परत आला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आणि इथं दुसरी शर्यत सुरू झाली. ईथर पेट घेतं. त्याच्याजवळ कंदील लावायचा नसतो. म्हणजे सूर्य बुडायच्या आत सगळं आटपायला हवं. टेबल खिडकीला लावलं. चहाच्या गाळणीत कापूस घालून गुलाबरावानं ती बोंड्याच्या नाकावर धरली आणि थेंब थेंब ईथर सोडायला लागला. मागचे पाय सगुणाबाईनं धरले. तिचे हात अजिबात हलले नाहीत.

आधी जिभेखालचा दोरा कापला. मग पोट उघडलं. आतडं चुण्या पडून निळसर झालं होतं, पण मेलं नव्हतं. मेलं नव्हतं! मी तेव्हा मोठ्यानं तसं म्हणालो असणार, कारण खिडकीबाहेरून कुणीतरी तेच ओरडून पुढे सांगितलं. एका जागी चीर देऊन पहिलं घुंगरू बाहेर काढलं आणि इनॅमलच्या तसराळ्यात टाकलं. खण्ण. बाहेरून आरोळी. दुसरं. खण्ण. पुन्हा आरोळी. तिकडे तोरणाखाली बैलांच्या जोड्या लागायला लागल्या होत्या, वाजंत्री सुरू झाली होती, पण दवाखान्याच्या खिडकीशी माणसं हललीच नाहीत. काखेत आपापला कोहळा घेऊन उभी होती. हळूहळू दोरा मोकळा झाला. शेवटची गाठ आली, आतड्याच्या चुण्या डोळ्यांदेखत उलगडल्या आणि त्यात तांबूस रंग परत आला. नोकरीत मला पुढे प्रशस्तिपत्रकं मिळाली. त्या रंगाइतकं सुख मला त्यांतल्या एकानंही दिलं नाही.

शेवटचा टाका घातला तेव्हा सुई मला दिसत नव्हती, अंदाजानं घातला. ईथर बाजूला केलं, खिडक्या सगळ्या उघडल्या. मग वाट पाहिली. बोंड्या पडून होता. मी बोटानं त्याची बुबुळं तपासली, छाती चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. आणि त्याच्या शेपटीचं टोक, फक्त टोक, टेबलावर आपटलं.

“हालली!” गुलाबराव एवढ्यानं ओरडला की तोरणाखालचे बैल बुजले, असं लोक अजून सांगतात.

थोड्या वेळानं बोंड्यानं डोळे उघडले आणि सगुणाबाईचा अंगठा चाटला. मी तिला म्हणालो, “आठ दिवस त्याला पातळ पेजेशिवाय काही द्यायचं नाही. पण जगेल.” त्या हिवाळ्यात माझी समुद्रपूरला बदली झाली, आणि मोठा झालेला बोंड्या मी पाहिला नाही, ही चुटपुट राहिलीच. नाल्याकडून कुणी भेटलं की विचारायचो. “रातभर भुकते लेकाचा, झोपू देत नाई,” असं सांगायचे. मला तेवढं ऐकायला मिळालं की पुरे व्हायचं.

त्या संध्याकाळी मात्र बोंड्याला माझ्याजवळ ठेवून ती ओसरीत आली. लोक खिडकीपासून सरकून ओसरीभोवती जमले. दिवसभर उभी असलेली ती बाई पायरीवर बसली, एकदम थकल्यासारखी.

“गुलाबभाऊ,” ती म्हणाली, “पानी दे गा. सकायपासून घोट नाई पोटात.”

गुलाबरावानं आपला पितळी लोटा भरून आणला. त्या काळी कायदा काहीही म्हणो, गावची रीत ठरलेली होती. तिच्या वस्तीतल्या माणसाला पाणी वरून ओतायचं आणि त्यानं खाली वाकून ओंजळीनं प्यायचं. गुलाबरावाच्या मनात काही वाईट नव्हतं. नेहमीच्या सवयीनं त्यानं लोटा वर धरला आणि ती ओंजळ करील म्हणून थांबला.

तिनं ओंजळ केली नाही. पायरीवर ताठ बसून तिनं एक हात पुढे केला, लोटा घ्यायला.

तिकडे वाजंत्री चालू होती. पाटील उभे होते, झिंगराजी उभा होता, मी दारात रक्ताळलेल्या हातांनी उभा होतो. गुलाबरावानं लोट्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि मग तिच्या त्या हाताकडे पाहिलं. मघाशी टेबलावर बोंड्याचे पाय त्या हातानं धरले होते आणि हात हलला नव्हता, हे त्यानं जवळून पाहिलं होतं.

त्यानं लोटा तिच्या हातात दिला. ती पोटभर पाणी प्याली, आणि उरलेलं पाणी तिनं त्याच्यापुढे धरलं.

“तू बी पी,” ती म्हणाली. “तू बी सकायपासून धावूनच राह्यला.”

गुलाबराव तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि प्याला.